जुनी पिकअप खरी फॅक्टरी परफॉर्मन्स आहे की स्टिकर लावलेली, हे ओळखायचं कसं

आपल्याकडे रावेर-सावद्याला पिकअप म्हटलं की केळीचे घड भरलेली बोलेरो डोळ्यापुढे येते. अमेरिकेत मात्र पिकअप हा वेगळाच शौक आहे आणि तिथल्या कंपन्यांनी मधे मधे अशा काही पिकअप काढल्या की ज्या माल वाहायला नाहीतच मुळी, पळवायला काढल्या. मोठं इंजिन, वेगळा गिअरबॉक्स, वेगळं सस्पेन्शन, सगळं थेट कारखान्यातून. निघाल्या थोड्या म्हणून आज साध्या मॉडेलपेक्षा त्यांना कितीतरी जास्त भाव आहे, आणि भाव आला की डुप्लिकेट पण आलाच. साधी पिकअप घ्यायची, काळा नाहीतर लाल रंग मारायचा, स्टिकरचा सेट ऑनलाइन मिळतो तो मागवायचा, की गाडी "रेअर" म्हणून विकायला तयार.

जळगाव, धुळे, भुसावळकडची बरीच पोरं आता टेक्सास नाहीतर मिशिगनला नोकरीला आहेत. दोन पैसे हातात आले की कोणाला तरी जुन्या गाडीचं वेड लागतं आणि मग व्हॉट्सअॅपवर फोटो येतात, खाली लिहिलेलं असतं "हाई गाडी खरी शे का भो?" माझा शौकच जुन्या गाड्यांचे नंबर वाचायचा, म्हणून माझ्याकडे हे फोटो जास्त येतात. एकेकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा सगळं इथे एकत्र लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्याला लिंक पाठवली की झालं.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. रंग, स्टिकर, बिल्ला, चाकं हे सगळ्यात शेवटी बघायचं कारण हे सगळं विकत मिळतं. आधी नंबर वाचायचे, मग गाडीखाली घुसून लोखंड बघायचं, मग कागद. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट निघाली तर गाडी खरी, आणि एक जरी वेगळं बोललं तर विकणाऱ्याने त्याचं पटेल असं कारण दिल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत. जळगावच्या सराफात आपण सोनं नुसतं चमक बघून घेत नाही, कसोटीवर घासूनच घेतो, तसंच हे.

नंबर कसा वाचायचा

१९८१ मॉडेलपासून अमेरिकेत प्रत्येक गाडीला १७ अंक-अक्षरांचा व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख नंबर आहे. त्याच्या आधी प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत होती, म्हणून जुन्या गाडीला त्या त्या कंपनीचा कोड वेगळा शिकावा लागतो. १७ वाल्यात आपल्या कामाच्या जागा चार: आठवी जागा इंजिनची, नववी चेक डिजिटची, दहावी मॉडेल वर्षाची आणि अकरावी कारखान्याची. वर्षाची अक्षरं पाठच करून टाका, एल म्हणजे १९९०, एम १९९१, एन १९९२, पी १९९३, आर १९९४, एस १९९५. मधे ओ आणि क्यू नाहीत कारण ते शून्यासारखे दिसतात.

नववी जागा फार कामाची आहे आणि लोक तिच्याकडे बघतच नाहीत. बाकीच्या सगळ्या अक्षरांना ठरलेली किंमत देऊन, जागेप्रमाणे गुणून, बेरजेला ११ ने भागलं की जी बाकी उरते तीच नवव्या जागी असते, आणि बाकी १० आली तर तिथे एक्स लिहितात. म्हणजे कोणी मनानेच एखादा आकडा बदलला की बहुतेक वेळा हे गणित चुकतं. हिशोब हाताने करायची गरज नाही, अमेरिकेच्या सरकारी रस्ता सुरक्षा खात्याचा म्हणजे एनएचटीएसएचा फुकटचा डिकोडर नेटवर आहे, नंबर टाकला की इंजिन, वर्ष, कारखाना सगळं सांगतो आणि चेक डिजिट चुकला असेल तर ते पण सांगतो. हे काम घरी चाळीसगावला खाटेवर बसून पण होतं.

पण नंबर एकाच ठिकाणचा बघून थांबायचं नाही. डॅशबोर्डवर काचेखाली, ड्रायव्हरच्या दाराच्या लेबलवर, आणि फ्रेमवर ठोकलेला, असे सगळे बघायचे. फ्रेमवरचा सगळ्यात महत्त्वाचा कारण तो बदलायला सगळ्यात जड. आपल्याकडे आरटीओच्या कामाला एजंट चेसिस नंबरवर कागद नाहीतर टेप ठेवून पेन्सिल घासतो आणि ती चेसिस प्रिंट फॉर्मला चिकटवतो, अगदी तेच तिकडे करायला सांगा. फ्रेमवरची ग्रीस-माती कपड्याने आणि नायलॉनच्या ब्रशने साफ करायची, तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर अजिबात नाही, मग कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवायची. फोटोत जो नंबर दिसत नाही तो प्रिंटमध्ये बऱ्याचदा स्वच्छ उठतो, आणि एखादा अंक दुसऱ्या अंकावर ठोकला असेल तर त्याची दुहेरी कड पण उठते.

शेवरोले ४५४ एसएस

ही १९९० ते १९९३ मधली गाडी, एसएस म्हणजे सुपर स्पोर्ट. शेवरोलेच्या सी१५०० पिकअपची साधी केबिन, छोटा हौदा, फक्त मागच्या चाकांना ताकद, आणि बॉनेटखाली ७.४ लिटरचं म्हणजे ४५४ क्युबिक इंचाचं इंजिन जे खरं तर जड कामाच्या ट्रकसाठीचं. १९९० मध्ये १३,७४८ निघाल्या, नंतर एकदम खाली, १९९१ ला ९८३, १९९२ ला १,३७९ आणि १९९३ ला ८४३.

व्हिनमध्ये आठवी जागा एन पाहिजे. के असेल तर ती गाडी ५.७ लिटर म्हणून जन्मली, आता बॉनेटखाली भले ४५४ बसवलेलं असो. एन नुसता इंजिन सांगतो, एसएस सांगत नाही, त्यासाठी ग्लोव्हबॉक्स उघडायचा. त्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक पांढरं लेबल असतं, त्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड छापलेले, कारखान्यात त्या गाडीला काय काय बसवलं त्याची यादीच. त्यात बी४यू हा कोड पाहिजे, तोच एसएसचा. आणि त्या लेबलच्या वरती व्हिन पण छापलेला असतो, तो डॅशच्या नंबरशी एक एक अक्षर लावून बघायचा, कारण नवीन लेबल छापून देणारे लोक आहेत आणि दुसऱ्या गाडीचं झाकण काढून बसवणारे तर त्याहून जास्त. लेबल तीसेक वर्षांचं आहे, कडा थोड्या पिवळ्या, कोपरा उचललेला, झाकण उघड-बंद करून घासलेलं असं दिसलं तर मनाला बरं वाटतं. कोरं करकरीत पांढरं लेबल आणि भोवती जुनं मळकं प्लास्टिक असं दिसलं तर प्रश्न विचारायचा.

१९९० ची असेल तर अजून दोन गोष्टी सोप्या आहेत. त्या वर्षी रंग फक्त काळा आणि आतलं सगळं गार्नेट म्हणजे गडद लाल, लाल आणि पांढऱ्या गाड्या नंतरच्या. आणि १९९० ला गिअरबॉक्स तीन गिअरचा टर्बो ४०० ऑटोमॅटिक होता, चार गिअरचा ४एल८०ई १९९१ पासून आला. म्हणजे १९९० च्या गाडीत गिअरच्या खुणांमध्ये ओव्हरड्राइव्ह म्हणजे चौथा गिअर दिसत असेल तर काहीतरी बदललंय. ताकद पण वेगळी, १९९० ला २३० हॉर्सपॉवर आणि १९९१ पासून २५५, आणि मागच्या एक्सलचा गिअर रेशो ३.७३ वरून ४.१० वर गेला. विकणारा "१९९० ची आहे, २५५ हॉर्सपॉवर" असं म्हणत असेल तर तो खोटंच बोलतोय असं नाही, बऱ्याचदा त्याला पण माहीत नसतं, पण मग त्याच्या बाकीच्या बोलण्यावर पण विसंबायचं नाही.

जीएमसी सायक्लोन

ही माझी सगळ्यात आवडती. १९९१ ची छोटी पिकअप, ४.३ लिटरचं व्ही६ त्याला मित्सुबिशीचा टर्बो, २८० हॉर्सपॉवर, चारी चाकांना ताकद आणि त्यात ३५ टक्के पुढे, ६५ टक्के मागे. त्या काळात एका अमेरिकन मासिकाने तिला फेरारी ३४८ शेजारी उभी करून पाव मैल पळवली होती आणि सायक्लोन पुढे निघाली. १९९१ ला २,९९५ निघाल्या, १९९२ च्या फक्त ३, आणि कारखान्यातून सगळ्या काळ्या. लाल सायक्लोन दिसली तर लगेच उडी मारू नका. सिगारेट कंपनीच्या बक्षीस योजनेसाठी १० गाड्या लाल करून दिल्या होत्या, त्यातली एक निघायची शक्यता किती ते तुम्हीच बघा.

इथे आठव्या जागेवर विसंबलात तर फसाल. सायक्लोनला तिथे झेड आहे, आणि ज्या साध्या पिकअपवरून सायक्लोन केली त्या जीएमसी सोनोमाच्या ४.३ व्ही६ ला पण झेडच आहे! खरी खूण नंबरच्या सुरुवातीला आहे. साधी सोनोमा १ जी टी ने सुरू होते, सायक्लोन १ जी डी ने. याचं कारण समजून घेतलं की विसरत नाही: डी म्हणजे अर्धवट बनलेली गाडी. जीएमच्या (जनरल मोटर्स, शेवरोले आणि जीएमसीची मूळ कंपनी) श्रीव्हपोर्ट कारखान्यातून ती अर्धवट म्हणूनच निघायची आणि मग मिशिगनमधल्या पीएएस नावाच्या कंपनीत टर्बो, चारचाकी ड्राइव्ह, बॉडी किट सगळं तिथे बसायचं. म्हणून खऱ्या सायक्लोनचा नंबर १ जी डी सी टी १४ झेड असा सुरू होतो, नववा चेक डिजिट, दहावा एम, अकरावा ८ म्हणजे श्रीव्हपोर्ट, आणि शेवटचे सहा अंक ८० ने सुरू. हे सगळं जुळलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं गाडीखाली. बॉडी किट आणि टर्बो सोनोमाला कोणी पण लावेल पण पुढच्या चाकांना ड्राइव्ह शाफ्ट, ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल हे सगळं बसवणं म्हणजे पैशाचं काम, डुप्लिकेटवाला तिथपर्यंत जात नाही. जॅकवर घेऊन पुढच्या चाकामागे टॉर्च मारा, सीव्ही जॉइंटचा रबरी बूट दिसला पाहिजे. आत मीटरमध्ये टर्बोचा बूस्ट गेज मूळ क्लस्टरमध्येच बसवलेला असतो, वरून डॅशला चिकटवलेला गोल गेज म्हणजे बाहेरचा. आणि एक सोनोमा जीटी नावाची गाडी १९९२ ला निघाली होती, दिसायला सायक्लोनसारखीच, टर्बो नाही आणि चारी चाकांना ताकद पण नाही. ती पण फक्त ८०६ निघाल्या, म्हणजे ती स्वतः रेअर आहे, पण सायक्लोन म्हणून सायक्लोनच्या भावात घ्यायची नाही.

डॉज लिल रेड एक्सप्रेस

सगळ्यात जास्त नकला हिच्याच असतात असं मला फोटो बघून वाटतं, कारण ती दिसायला फार भारी. लाल रंग, सोनेरी पट्टे, हौद्याला ओक लाकडाच्या पट्ट्या आणि केबिनच्या मागून दोन उभे क्रोमचे सायलेन्सर, मोठ्या ट्रकसारखे. फक्त दोन वर्षं, १९७८ ला २,१८८ आणि १९७९ ला ५,११८.

इंजिन ३६० क्युबिक इंचाचं चार बॅरल कार्बोरेटरवालं, कोड ईएच१, पोलीस गाड्यांच्या इंजिनवरून केलेलं, २२५ हॉर्सपॉवर. १९७८ च्या गाडीची गंमत अशी की तिचं भरलेल्या गाडीचं मंजूर वजन ६,००० पौंडांच्या वर दाखवलं होतं आणि त्या वजनावरच्या ट्रकला तेव्हा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावायची सक्ती नव्हती, म्हणून तिला धूर मोकळा सोडता आला आणि ती त्या वेळच्या भल्या भल्या स्पोर्ट्स कारच्या बरोबरीने पळाली. १९७९ ला नियम बदलले, वजनाची मर्यादा ८,५०० वर गेली आणि कन्व्हर्टर आला. हे नुसतं ऐकायला छान म्हणून सांगत नाही, तपासायला कामाचं आहे. १९७८ ची म्हणून दाखवत असतील तर दाराजवळच्या लेबलवर जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे तेच मंजूर वजन ६,००० च्या वर आहे का बघा, आणि खाली कन्व्हर्टरच्या जागेच्या खुणा नकोत.

वर्ष ओळखायला समोरून एक नजर पुरते, १९७८ ला गोल हेडलाइट दोन, १९७९ ला चौकोनी हेडलाइट एकावर एक, चार. १९७८ चे कागद आणि चौकोनी लाइट असं दिसलं तर पुढचा भाग तरी बदललाय नाहीतर कागद तरी दुसरे. गिअरबॉक्स फक्त ऑटोमॅटिक. मॅन्युअल गिअर असलेली लिल रेड म्हणजे कोणीतरी घरी केलेली.

व्हिन इथे १३ अंक-अक्षरांचा, डी१३ ने सुरू होतो आणि पाचवं अक्षर एस पाहिजे, ते या खास इंजिनचं. सहावा अंक वर्ष, ८ किंवा ९. डॉजने त्याच काळात वॉरलॉक नावाची गाडी पण विकली, तिला पण लाकूड, तिला पण सोनेरी पट्टे, आणि ती लाल रंगात पण मिळायची, इंजिन मात्र साधं. नकला करणारे तीच उचलतात कारण निम्मं काम कंपनीनेच करून ठेवलंय. वॉरलॉकवर दोन उभे सायलेन्सर चढवले आणि दारावर स्टिकर लावलं की लांबून कोणालाच कळत नाही. म्हणून पाचवं अक्षर.

या गाड्यांना एक माहितीची पट्टी बॉनेटच्या आतल्या बाजूला रिव्हेटने ठोकलेली असते. पट्टी बॉनेटला आहे, आणि बॉनेट चार-सहा बोल्ट खोलले की निघतं. म्हणजे खऱ्या पण सडलेल्या गाडीचं बॉनेट दुसऱ्या गाडीवर बसवलं की पट्टी आपोआप आली. पट्टीवरचा नंबर आणि फ्रेमवरचा नंबर एकच आहे का, हे बघितल्याशिवाय त्या पट्टीला काही किंमत नाही.

फोर्ड लाइटनिंग

पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी हीच सुचवतो, कारण हिची खातरजमा सगळ्यात सोपी. १९९३ ते १९९५ ची एफ-१५० एसव्हीटी लाइटनिंग, ५.८ लिटर, २४० हॉर्सपॉवर, साधी केबिन आणि छोटा हौदाच. १९९३ ला ५,२७६, १९९४ ला ४,००७ आणि १९९५ ला २,२८०. आठवी जागा आर पाहिजे, साध्या ५.८ ला एच असतो. झालं, एका अक्षरात निकाल. वर फोर्डच्या उत्पादनाच्या मूळ नोंदी मार्टी ऑटो वर्क्स नावाच्या अमेरिकन कंपनीकडे परवान्याने आहेत, व्हिन देऊन थोडे पैसे भरले की त्या गाडीचा रंग, ऑप्शन, कुठल्या डीलरला गेली हे सगळं लिहून येतं. अमेरिकेत विकलेल्या जीएम आणि डॉजच्या ट्रकला असा सरळ रस्ता नाही, म्हणून तिथे एवढी मेहनत.

जिथे व्हिन काहीच सांगत नाही

एल कॅमिनो ही शेवरोलेची कारच्या सांगाड्यावरची पिकअप, आणि १९७० ची ४५४ एलएस६ इंजिनवाली म्हणजे ४५० हॉर्सपॉवरची एल कॅमिनो एसएस ही या सगळ्यात महाग जात. अडचण अशी की १९६८ ला एसएस वेगळं मॉडेल होतं, व्हिन १३८ ने सुरू व्हायचा, पण १९६९ आणि १९७० ला एसएस नुसता ऑप्शन झाला आणि व्हिनमधून गायब. मग काय करायचं, तर इंजिन ब्लॉकवरचा शिक्का आणि कारखान्याची बिल्ड शीट म्हणजे त्या गाडीला काय काय बसवायचं त्याचा कागद, या दोनच गोष्टी उरतात. बिल्ड शीट बऱ्याचदा पेट्रोल टाकीच्या वर नाहीतर सीटच्या स्प्रिंगमध्ये अडकलेली सापडते, उंदराने कुरतडलेली असली तरी चालेल, तीच खरी.

शिक्क्याचं जरा बारकाईने सांगतो कारण इथेच सगळी हातचलाखी होते. उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकची एक छोटी सपाट पट्टी उघडी असते, त्यावर कारखान्याचं अक्षर, महिना-तारीख आणि इंजिनचा कोड ठोकलेला असतो. टी०३१२सीआरआर असं असेल तर टी म्हणजे टोनावांडा कारखाना, ०३१२ म्हणजे १२ मार्च, सीआरआर म्हणजे ऑटोमॅटिकचं एलएस६. शेजारी गाडीच्या व्हिनचे शेवटचे अंक. आता टॉर्च सरळ मारू नका, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. कारखान्यात ब्लॉकचं तोंड मशीनने कापताना बारीक बारीक समांतर रेघा पडतात, त्या रेघा अंकांच्या आजूबाजूने सलग गेलेल्या दिसल्या पाहिजेत. कारखान्यात आधी रेघा पडल्या आणि नंतर नंबर ठोकला, म्हणून अंकाच्या कडेला लोखंड किंचित वर आलेलं असतं, ते बोटाच्या नखाला लागतं. जुना नंबर घासून नवा ठोकला तर रेघाच नसतात. हुशार माणूस नंतर पॉलिश पेपरने रेघा ओढतो, पण मग ती वर आलेली कड पण कापली जाते आणि अंक गुळगुळीत लागतो. अर्थात रिबिल्ड करताना ब्लॉकचं तोंड पुन्हा मशीन केलं असेल तरी शिक्का जातो, त्यात फसवणूक नसते, पण मग त्या इंजिनचा पुरावा पण गेला आणि भाव त्याच हिशोबाने व्हायला पाहिजे.

दुसरी परीक्षा तारखांची. ब्लॉकच्या ओतकामात तारीख असते, अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. सी ४ ० म्हणजे ४ मार्च १९७०. आधी ओतकाम, मग इंजिन जुळणी, मग गाडी, हा क्रम कधी उलटत नाही. ब्लॉक मे महिन्यात ओतला आणि गाडी एप्रिलची, असं निघालं तर पुढे काही बघायची गरजच नाही. डॅशवरच्या व्हिन पट्टीचे रिव्हेट पण बघा, मूळचे सहा पाकळ्यांच्या फुलासारखे असतात. तिथे साधा गोल पॉप रिव्हेट दिसला की विकणाऱ्याला नमस्कार करून निघा. तिकडे व्हिन पट्टी काढणं-बदलणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, गाडी जप्त होऊ शकते आणि घेणाऱ्याचे पैसे बुडतात.

गाडी किती वापरली ते लोखंड आणि प्लास्टिकला विचारा

भुसावळच्या मे महिन्यात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड काय होतो ते आपल्याला सांगायला नको. अॅरिझोना, टेक्सासचं ऊन तसंच. तिकडच्या चाळीस वर्षांच्या गाडीचा डॅश कुठेच तडकलेला नसेल तर एकतर ती कायम शेडमध्ये होती किंवा डॅश बदललाय, आणि बदललाय तर त्याच्यासोबत अजून काय काय खोललं होतं हे विचारायलाच पाहिजे. मीटर २०,००० मैल दाखवतंय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, सीटची ड्रायव्हरकडची कड बसलेली, असं जुळत नाही. सीट बेल्टला शिवलेल्या लेबलवर बनवल्याची तारीख असते, ती लोक बदलायला विसरतात. काचेच्या कोपऱ्यातला कोड पण.

रंगासाठी पेंट मीटर, म्हणजे रंगाच्या थराची जाडी मोजणारा, मिळाला तर उत्तमच. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्याच्या दुप्पट म्हणजे पुन्हा मारलेला, आणि ५००-१००० च्या वर गेलं की खाली पुट्टी. मीटर नसेल तर कपड्यात गुंडाळलेलं छोटं चुंबक फिरवा, जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी. मग दाराचं रबर ओढून, सीटमागे, चटईखाली मूळ रंग कोणता ते बघा. काळ्या ४५४ एसएसच्या चटईखाली निळा रंग निघाला तर विषय संपला.

माझं स्पष्ट मत सांगतो, घासलेला पण मूळचा रंग असलेली गाडी चकाचक रिस्टोर केलेल्या गाडीपेक्षा मला कधीही बरी. रिस्टोर करताना चांगल्या हातून सुद्धा लेबल, कारखान्यातल्या खडूच्या खुणा, मूळचे बोल्ट असे पुरावे पुसले जातात, आणि एकदा गेले की ते परत येत नाहीत.

कागद

सगळ्यात आधी टायटल म्हणजे मालकीचा कागद, त्यावरचा व्हिन गाडीवरच्याशी एक एक अक्षर लावून. मग चोरीची आणि भंगारात काढल्याची नोंद आहे का ते, त्यासाठी एनआयसीबीची, म्हणजे विम्यातली चोरी-फसवणूक शोधणाऱ्या अमेरिकन संस्थेची, फुकट तपासणी नेटवर आहे. मग जुनी बिलं, डीलरचं मूळ स्टिकर, सर्व्हिसच्या पावत्या. पावती बघताना तारीख आणि मैल चढत्या क्रमाने जातात का ते बघा. एक चांगली खूण म्हणजे जुने घरगुती फोटो, गाडी नवी असताना अंगणात उभी असलेली, मागे त्या काळची घरं-माणसं. कॅनडात विकली गेलेली जीएमची गाडी असेल तर जीएम कॅनडाकडून तिच्या मूळ नोंदी मागवता येतात, त्यामुळे कॅनडाची गाडी मला उलट जास्त आवडते, गंज असला तरी. "मागच्या मालकाने तोंडी सांगितलं होतं" याला पुरावा धरायचं नाही, भले सांगणारा कितीही सज्जन असो.

हीच पद्धत आपल्याकडे पण चालते हे लक्षात ठेवा. एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० घ्या, १९८३ पासूनची, तिचे दोन प्रकार होते, ३०.५ हॉर्सपॉवरची हाय टॉर्क आणि २७ ची लो टॉर्क, आणि आज विकायला काढलेली गाडी प्रत्येक जण हाय टॉर्कच सांगतो. तिथे पण आधी आरसी बुकातले इंजिन-चेसिस नंबर गाडीवरच्याशी लावायचे, मग जुन्या मेकॅनिकला सोबत नेऊन इंजिन आतून काय आहे ते बघायचं, टाकीवरच्या स्टिकरवर भाव करायचा नाही.

फोटो मागवताना

लांबून तपासत असाल तर विकणाऱ्याकडे सरळ मागा: डॅशचा व्हिन, दाराचं लेबल पूर्ण, ग्लोव्हबॉक्सचं लेबल पूर्ण, फ्रेमचा नंबर पेन्सिल प्रिंटसकट, इंजिनचा शिक्का आडव्या उजेडात, आणि खालून पुढून मागेपर्यंत एक न थांबवलेला व्हिडिओ. तुकडे तुकडे केलेला व्हिडिओ नको, मधे दुसरी गाडी घुसवता येते. खरा मालक हे सगळं आनंदाने देतो, उलट त्याला बरं वाटतं की समोरच्याला कळतंय. जो "आधी टोकन पाठवा, मग फोटो" म्हणतो त्याला टोकन पाठवू नका.

गाडी खरी पण इंजिन बदललेलं असं बऱ्याचदा निघतं, आणि त्यात वाईट काही नाही, त्या पळवायच्याच गाड्या होत्या, इंजिनं फुटली. अशी गाडी घ्यायची असेल तर मूळचं इंजिन मालकाच्या गोडाऊनमध्ये पडलेलं आहे का विचारा, असेल तर बंद असलं तरी गाडीसोबतच उचला, नंतर तो वेगळा भाव सांगेल. आणि बिलावर "इंजिन मूळचं नाही" हे लिहून घ्या, म्हणजे उद्या तुम्ही विकाल तेव्हा पुढच्याला पण खरं ते दाखवता येईल.